एका वेणीचे दोन निकाल

मंगळवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी सुरू झालं हे सगळं — बसा ना ताई, चहा घ्या, पण ती केसांची पाकिटं पिशवीतच ठेवा, आज मी हात लावणार नाही. आधी ऐका. त्या मंगळवारी तुमचीच माणसं आली होती पांढऱ्या गाडीतून. खाणीचा गाळ गावाच्या डोक्यावर साचलाय, बाळांच्या अंगात शिसं गेलंय का बघायचंय, केस द्या म्हणाली. बाळाकडे बघितलंसुद्धा नाही हो कुणी! आता पोराचं जावळ परक्याच्या पाकिटात कोण घालील? मी नाही म्हणणारच होते, तर शेजारची म्हातारी, बुरुलची सासू — बुरुल वर कुरणात घोड्यांचं दूध काढायला गेलेली, तिचा तान्हा अझिरेत हिच्यापाशी — मला म्हणते, "अगं, यांना केसच हवेत ना? तुझी वेणी काय कमी लांब आहे?" हसलो आम्ही. मी वेणीचं टोक कापलं — निम्मं माझ्या बेक्तुरच्या पाकिटात, निम्मं अझिरेतच्या.

हो, माझेच केस. अशा काय बघताय? तान्ह्याचं जावळ कुठलं नि बाईची वेणी कुठली, हे तुमच्या यंत्राला कळू नये? मग कागद आले, शिक्क्याचे. बेक्तुर ठीक. अझिरेतच्या अंगात शिसं मर्यादेच्या चौपट. एकच वेणी, ताई! सातवीत आमच्या बाई सांगायच्या, विज्ञान म्हणजे विचारत राहायचं. म्हणून तुमच्या साहेबांना विचारलं, आकडा चुकतो का कधी? तर म्हणाले, "यंत्र सांगतंय, तुम्हाला नाही कळायचं." आमचा मुल्लाही असंच बोलतो — पण तो निदान पोराच्या कपाळावर हात तरी ठेवतो.

बुरुल कुरणातून उतरली नि कागद बघून रडतच पोराला घेऊन शहरात गेली. तिथे त्या कागदावर भरवसा ठेवून दर आठवड्याला त्याला शिसं उतरवायची सुई टोचतात. म्हातारी तोंड उघडत नाही, मुलगा घराबाहेर काढील म्हणून. आणि मी? मी का गप्प बसले — खरं सांगू? माझं पोर ठीक निघालं होतं ना. तो कागद खोटा, तर हाही खोटाच. आता बेक्तुरला अंगावर घेतलं की वाटतं, केस तर माझेच होते, मग हे दूध कुठल्या कागदातलं, ठीकच्या की चौपटच्या?

नाही, जावळ नाहीच देणार. रक्त घ्या, त्याचं नि माझं, माझ्या डोळ्यांदेखत — पण आज नको. चहा राहू द्या, उठा तुम्ही. आधी शहरात जा, बुरुलला गाठा. ते केस अझिरेतचे नव्हते, सुई थांबव म्हणावं. आणि माझं नाव घेऊन सांगा.