हेल्मेटवरचा मोहोर

हसा तुम्ही, पण मला अजून लाज वाटते. आमच्या नौदलाच्या तुकडीचा सराव यंदा नेमका हेदवीला, माझ्याच गावच्या किनाऱ्यावर लागला. पहाटे बोटीतून उतरायचं आणि आंब्याच्या बागेत मशीनगन लावून दबा धरायचा. सराव घेणारे उस्ताद म्हणाले, "तू इथलाच ना? मग अंगावर बांधायला पाला तू आण."

जांभळीच्या पाल्यासाठी टेकाड चढावं लागलं असतं. मी समोरच्याच हापूसच्या फांद्या सुऱ्याने उतरवल्या, मोहोरासकट. मोहोर गेला की आंबा गेला, हे बाकीच्यांना कुठून कळणार? मला कळत होतं.

उजाडल्यावर बागेचे मालक आले. दत्ताकाका, माझ्या वडिलांचे शाळेपासूनचे सोबती. मशीनगनवर, हेल्मेटांवर मोहोर बघून ते तिथेच उकिडवे बसले. ओरडले नाहीत. माझ्या शेजारच्याला विचारलं, "गाव कुठला तुमचा?"

"हरियाणा."

"असू दे. तुमच्याकडे हापूस नाही, तुम्हाला काय ठाऊक."

मग माझ्याकडे वळले. "आणि तुमचा?"

माझ्या तोंडाला काळा रंग फासलेला होता. त्याच्या भरवशावर मी म्हणालो, "सातारा."

काकांनी माझं रंगवलेलं तोंड नीट न्याहाळलं. मग उठून त्यांनी खाली पडलेला मोहोर पंच्यात गोळा केला आणि जाता जाता हळूच म्हणाले, "नाक बापाचं आणि गाव साताऱ्याचा? बरं. त्याला मात्र यातलं काही सांगू नको हो. त्याला झेपायचं नाही."