फक्त डीझल

आई: मला धरू नकोस. पडत नाहीये मी, चिडलेय.

धाकटा: आई, निदान त्या स्टुलावर तरी बस. ट्रक इथं ओढून आणेपर्यंत तासभर चढावर उन्हात उभी होतीस.

आई: कुणामुळे? ट्रकात बारा दारांच्या चौकटी, मागे हॉर्नची रांग, आणि मी रस्त्याच्या मधोमध रुसलेल्या विहिणीसारखी. एक स्कूटरवाला विचारतो, "आजी, चालवता येते ना?" मला! त्याच्या बापाच्या घराच्या खिडक्या मी नेऊन टाकल्यात.

मिस्त्री: वहिनी, घोटभर पाणी घ्या आधी.

आई: घेते. पण तुम्ही जमिनीकडे नका बघू, माझ्याकडे बघा. बॉनेटखाली काय आहे?

मिस्त्री: इंजिन.

आई: ते मलाही दिसतंय. डोळे नुकतेच करून आणलेत. कुणाचं इंजिन?

मिस्त्री: एका प्रवासी व्हॅनचं. व्हॅन झाडावर गेली, इंजिन शाबूत राहिलं. पेट्रोलचं आहे, वहिनी. चांगलं आहे, निर्व्यसनी...

आई: स्थळ सांगायला आल्यासारखं बोलू नका. माझं डिझेलचं कुठाय?

मिस्त्री: काढलं.

आई: कधी?

धाकटा: तुझं ऑपरेशन झालं त्याच्या दुसऱ्या आठवड्यात. तू मावशीकडे तीन आठवडे राहणार होतीस, म्हटलं तेवढ्यात...

आई: तेवढ्यात उरकून घेऊ. म्हातारी घरात नाही तोवर माळा साफ करतात, तसं.

धाकटा: मी सांगणार होतो गं. कालच सांगणार होतो.

आई: काल तू माझ्यासमोर तीनदा बसलास. एकदा चहा घेऊन, एकदा डोळ्यात औषध घालायला आणि एकदा उगाच. तिन्ही वेळा "बरं वाटतंय ना आई?" मी मनात म्हटलं, पोरगं किती हळवं झालंय. हळवं कसलं, चोर!

धाकटा: आणि तू? मी आंघोळीला गेलो तेवढ्यात चावी घेऊन पसार. चौतीस वर्षं ती गाडी चालवतेस, इंजिन बदललंय हे तुला कळू नये? आवाजसुद्धा कळला नाही?

आई: कळला नाही? ऐक मग. चावी अर्धी फिरवली, वीस मोजले, नेहमीसारखे. मग पूर्ण फिरवली. खडखडाट नाही. दणका नाही. शिवणयंत्रासारखी नुसती गुणगुण. स्टिअरिंग हातात थरथरेना. मला वाटलं, झालं. डोळे दुरुस्त झाले आणि कान गेले. चौकापासून पंपापर्यंत काच खाली करून मी एकेक आवाज तपासत गेले. कुत्रं भुंकलं, ऐकू आलं. सायकलची घंटी ऐकू आली. कुणीतरी कुणाला तरी शिव्या देत होतं, शब्द न् शब्द ऐकू आला. फक्त आपली गाडी, थोरलीच, ऐकू येईना. तीन किलोमीटर मी स्वतःवरच शंका घेत गाडी चालवली, आणि तू मला विचारतोस कळलं नाही का! सगळं कळलं. तू असं करशील, एवढंच कळलं नाही.

मिस्त्री: मग पंपावर?

आई: पंपावरची मुलगी म्हणाली, काय भरू? म्हटलं, झाकणावर लिहिलंय ते. तिनं वाचलं आणि भरलं. चाळीस लिटर.

धाकटा: डिझेल! पेट्रोलच्या इंजिनाला चाळीस लिटर डिझेल! काका, मी तुम्हाला सांगितलं होतं ना, झाकणावरचं खरवडा आणि "पेट्रोल" लिहा म्हणून? शेवटचं तेवढंच काम राहिलं होतं.

मिस्त्री: सांगितलं होतंस.

धाकटा: मग?

मिस्त्री: नाही जमलं.

धाकटा: इंजिन बसवायला जमलं, पुढची लोखंडी प्लेट नव्यानं कापायला जमलं, रेडिएटर सरकवायला जमलं, आणि दोन शब्द खोडायला नाही जमलं?

मिस्त्री: लोखंडाचं काय रे, कापलं की कापलं. पॉलिश पेपर घेऊन बसलो होतो मी. रंग कालवलेला. समोर दादांचं, तुझ्या बाबांचं अक्षर. "फक्त डीझल". डी दीर्घ आणि झ वर मात्राच नाही. माझ्या या गॅरेजचं दार त्यांनीच केलंय, त्यावर त्यांनी नाव नाही घातलं. दुकानाच्या पाटीवर नाही. त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलेलं असं जगात एवढंच. म्हटलं, उद्या करू. उद्याचं परवा झालं.

आई: आणि इंजिन काढायला कसं जमलं?

मिस्त्री: जमवलं कसंतरी. तिथं हा डोक्यावर उभा होता. झाकणाच्या वेळी हा जेवायला गेला.

आई: बघा. एक पेट्रोलचं इंजिन घालतो, दुसरा डिझेल लिहून ठेवतो, आणि मधल्या मध्ये मी चढावर.

धाकटा: आई, चूक काकांची आहे, मान्य कर.

आई: ते शब्द तिथं का आले, माहीत आहे तुला?

धाकटा: बाबांनी लिहिले.

आई: का लिहिले? माहीत नाही. तू नव्हतासच. ती दारात आली त्याच्या तीन वर्षांनी तू आलास. उगाच नाही तिला थोरली म्हणत आणि तुला धाकटा. पहिल्याच महिन्यात मी एकटी ट्रक घेऊन गेले आणि मोठ्या ऐटीत पेट्रोल भरून आणलं. डिझेलच्या गाडीत. मला काय ठाऊक, तेल ते तेल. गाडी घरापर्यंतही आली नाही. महिनाभर उभी होती. नवा ट्रक, आणि चौकटी हातगाडीवर. सगळ्या आळीनं मला नावं ठेवली. सासूबाई तर... जाऊ दे, त्या गेल्या. तुझे बाबा एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी रंगाचा डबा घेऊन बसले आणि हे लिहिलं. म्हणाले, "तुझी चूक नाही. टाकीवर लिहिलेलं नव्हतं." लिहिलं तेही अशुद्ध. पण लिहिलं. आणि तू मघापासून एकच घोकतोयस. चूक काकांची, चूक आईची, चूक झाकणाची.

धाकटा: मग मी काय करायला हवं होतं? नोटीस आली होती आपल्याला. तीस वर्षांवरची डिझेल गाडी शहरात दिसली की जप्त. जप्त म्हणजे सोडवून आणायची नाही, थेट भंगारात. दोनच वाटा होत्या. एक तर अख्खी थोरली जाऊ द्यायची, नाहीतर तिचं इंजिन. मी तिला वाचवलं, आई. कुणी एक शब्द तरी बोलेल का त्याबद्दल?

आई: नोटीस कुणाच्या नावावर होती?

धाकटा: तुझ्या.

आई: गाडी?

धाकटा: तुझीच. पण डॉक्टरांनी सांगितलं होतं, महिनाभर डोळ्यांना पाणी येऊ देऊ नका. रडू देऊ नका म्हणाले. तुला तेव्हा हे सांगितलं असतं तर?

आई: रडले असते. मग पुसले असते. मग म्हटलं असतं, काढ. मी काय वेडी आहे? काळीज बदलून माणसं जगतात, ट्रक जगणार नाही? पण निरोप तर घेऊ द्यायचा. सकाळी शेवटचे वीस मोजले असते तिच्यासाठी.

धाकटा: वीस, वीस! ते इंजिनातला हीटर तापावा म्हणून मोजायचे, आई. याला नाही लागत ते.

आई: हीटर तापायचाच. पण तेवढ्यात आमचा सगळा संसार व्हायचा. तुझे बाबा म्हणायचे, "बोलायचं ते वीसच्या आत बोल, नंतर काही ऐकू येणार नाही." आणि खरंच यायचं नाही, तो दणका असायचा ना. आदल्या दिवशीचं भांडण, तुझी फी, माझं माहेर, सगळं त्या वीसमध्ये. कधी पंधरापर्यंत दोघंही गप्प. मग सोळाला कुणीतरी तोंड उघडायचं. जरा थांबा. मिस्त्री...

मिस्त्री: हां?

आई: इंजिन बदललं की कागदावर चढवावं लागतं ना? मालकाच्या सहीनं?

मिस्त्री: लागते सही.

आई: मालकीण मी. सही कुणी केली?

धाकटा: आई, आधी टाकी रिकामी करून घेऊ, चौकटी पोचवायच्यात.

आई: सही कुणी केली?

मिस्त्री: धाकट्या, सांगून टाक बाबा. काटा खोल जाण्याआधी काढलेला बरा.

धाकटा: तूच केलीस.

आई: मी?

धाकटा: दवाखान्याचे फॉर्म होते ना, पाच-सहा. त्यात... एक हा होता.

आई: डोळ्याला पट्टी होती माझ्या.

धाकटा: हो.

आई: दुसऱ्या डोळ्यानं धुकं दिसत होतं. तू म्हणालास, "माझं बोट आहे तिथं कर सही." मी कागद नाही पाहिला. बोट पाहिलं.

धाकटा: आई...

आई: स्कूटरवाल्याचा राग गेला माझा. तो बिचारा परका. पंपावरच्या मुलीनं विचारलं मला, काय भरू म्हणून. तिची-माझी काडीचीही ओळख नाही, तिनं विचारलं. तुला नाही विचारता आलं? मी डोळे करायला गेले होते, डोकं काढून ठेवायला नाही! साठीच्या पुढं गेलं माणूस की त्याला नुसतं "बरं वाटतंय ना" एवढंच विचारायचं असतं का?

मिस्त्री: वहिनी, एक मिनिट. जरा मागे या माझ्याबरोबर. तूही ये.

(मिस्त्री मागच्या शेडमध्ये जाऊन एका ढिगावरची ताडपत्री ओढतो.)

धाकटा: काका! हे जुनं इंजिन भंगारात दिलं म्हणाला होतात!

मिस्त्री: देतो म्हणालो होतो. भंगारवाला दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा म्हटलं, मालकिणीला विचारून सांगतो.

आई: कुणाला विचारून?

मिस्त्री: तुम्हाला. दुसरं कोण आहे मालकीण? आता विचारतो. बंदी रस्त्यावर आहे, वहिनी, जमिनीवर नाही. तुमच्या सुतारकामाच्या कारखान्यात वीज गेली की करवत बंद पडते, कारागीर विड्या ओढत बसतात. हे इंजिन फरशीवर पक्कं बसवून पट्ट्यानं करवतीला जोडता येईल. आवाज मात्र येईल.

आई: कारखाना माझ्या स्वयंपाकघराला लागून आहे.

मिस्त्री: म्हणूनच विचारतो.

आई: येऊ दे आवाज. द्या बसवून. आणि ते चाळीस लिटर?

मिस्त्री: टाकी जवळजवळ कोरडी होती तेव्हा भरलंत, बहुतेक सगळं डिझेलच आहे. कॅनमध्ये काढलंय. तिचंच तेल तिलाच पाजू. तुमचं चुकलंच नाही म्हणा, तेल तिचंच होतं, पत्ता तेवढा बदलला होता.

आई: हसवू नका मला. मी अजून चिडलेय.

मिस्त्री: चिडा की. तोवर गॅरेजच्या पोरांनी नळ्या फुंकल्यात, प्लग काढून पुसलेत, पेट्रोल घातलंय. गाडी तयार आहे. एकच ऐका, चढावर दुसऱ्या गिअरमध्ये रेटू नका. थोरली ओढायची. हे इंजिन पळतं, ओढत नाही. पहिल्यात घ्या.

आई: म्हणजे तरण्या पोरांसारखंच. पळायला पुढे.

धाकटा: काका, ब्रश द्या. झाकणाचं मी करतो आता.

आई: खबरदार ते खरवडलंस तर.

धाकटा: मग पुन्हा कुणीतरी डिझेल भरेल!

आई: खोडायचं नाही. पुढे लिही, "होतं". आणि त्याच्या खाली मोठ्ठ्या अक्षरात, "आता पेट्रोल".

धाकटा: "फक्त डीझल होतं, आता पेट्रोल."

आई: हां. आणि शुद्धलेखनाचं दडपण घेऊ नकोस. आपल्या घराण्यात नाहीच ते.

मिस्त्री: ओळ सरळ येऊ दे रे. दादांची थोडी वर गेलीय, तू खाली आण, म्हणजे बरोबर होईल.

धाकटा: झालं. ओलं आहे, हात लावू नका. आई, मी नेऊ का गाडी? तू दमलीयस.

आई: पुन्हा?

धाकटा: नाही, म्हणजे... विचारतोय. तू चालवतेस की मी चालवू?

आई: मी चालवते. तू शेजारी बस. दार जोरात ओढ, ते तसंच आहे. चावी अर्धी फिरवलीय. मोज.

धाकटा: आई, ही लगेच सुरू होते. मोजायची गरज नाही हिला.

आई: हिला नसेल.

धाकटा: एक. दोन. तीन. चार... पाच. आई, मी तुला विचारायला हवं होतं. सहा. त्या कागदाचं तर... सात.

आई: किती झाले?

धाकटा: सात.

आई: मग घाई करू नकोस. अजून तेरा आहेत.