खाजणातला फ्लॅट

अरे, आमच्या जावयाने घोडबंदरला फ्लॅट घेतला ना, त्याची गंमत ऐका. जावई साताऱ्याकडचा, इंजिनेर माणूस. बोलला, "मामा, चला, टोकन द्यायच्या आधी लोकेशन बघा." गेलेलो. तिथला टायवाला सेल्समन बोलतो, "काका, खाडी व्ह्यू!" मी बोललो, "अरे, हे तर खाजण." तर तो हसून बोलतो, "वा काका! खाजण म्हणजे खजाना!"

गाढव साला! भरतीचं पाणी जिथे घुसतं, त्याला आम्ही खाजण बोलतो. मी पोरपणी तिथे गुडघाभर चिखलात फिरलोय. जावयाला बोललो, "टोकन देऊ नका, पाणी येईल." तर मलाच मोबाईल दाखवतो, "मामा, वरून काढलेला फोटो बघा, पाणी कुठे आहे?"

मी बोललो, "फोटो ओहोटीला काढला असंल."

दोघं दात काढून हसले नि जावयाने टोकन दिलं.

आता दर पुनवेला, अवसेला जावयाचा फोन. "मामा, उद्या भरती किती वाजता? गाडी खाली पार्किंगला ठेवू का?"

मी बोलतो, "गाडी काढा जावईबापू, तिथे जाळं लावा. चिंबोऱ्या गावल्या तर आम्ही जेवायला येतो."