पाखरवाडीची खारी विहीर

सांगून कुणाला पटायचं नाही, पण रत्नागिरीत झेरॉक्सच्या रांगेत उभ्या उभ्या एका विहिरीचं पाणी खारं झालं, आणि ते होताना पाखरवाडीच्या फातिमाचाचींनी रेशनकार्ड हातात धरून स्वतःच्या कानांनी ऐकलं. त्यांच्या पुढे कॉलेजातले चारुदत्त सर आणि नीरजा मॅडम कागद सावरत उभे होते.

"मॅडम, पाचच्या आत मॉड्यूल विद्यापीठात गेलं नाही तर विषय रद्द. विषयाबरोबर तुमची नेमणूकही."

"पण सर, शाश्वत विकास म्हटलं की मुलांनी खरी समस्या सोडवायची. ती कुठाय आपल्याकडे?"

"उत्तर आहे ना! पावसाचं पाणी विहिरीत सोडणे. स्लाइड्स गेल्या वर्षीच्याच. त्याला शोभेलसा प्रॉब्लेम लावा."

"म्हणजे मांडव घातलाय, आता नवरी शोधायची."

"टोमणे नंतर. लिहा, पाखरवाडीची विहीर खारी झाली."

"खरंच झालीय?"

"समुद्राकाठचं गाव, न होऊन सांगते कुणाला? सहा आठवड्यांत मुलांनी ती गोड करायची. चार क्रेडिट."

"आणि नाही झाली तर?"

"सातव्या आठवड्यात परीक्षा आहे. विहिरीकडे बघतोय कोण?"

"सर, 'प्रत्यक्ष पाहणी' असा रकाना आहे."

"तीन दिवस मुक्काम, लिहा. मी स्वतः पोहरा सोडून पाणी चाखलं."

"कुठलं चाखलंत ओ, सर?" मागून फातिमाचाची म्हणाल्या. "आमच्या पाखरवाडीत विहीरच नाय. असती तर टँकरमागे हंडे घेऊन कशाला धावलो असतो?"