तार दुप्पट ओढली तर

—साठ सेंटिमीटर. तेच मी मघापासून सांगतेय, साठच. भिंगाचा प्रश्न होता, वस्तू तीस सेंटिमीटरवर, नाभीय अंतर वीस, प्रतिमा कुठे पडेल — साठवर, उलटी, दुप्पट मोठी. मी पेपरात दोनदा करून पाहिलं आणि दोन्ही वेळा साठ आलं — बसा ना, बाकडं काय माझ्या एकटीचं आहे, उभं राहून पाय दुखतील, ती पोरं इतक्यात काही हलत नाहीत. काय झालं, तुम्ही फोनवर मराठीत बोलताय हे ऐकलं आणि माझं तोंडच सुटलं. इथे बंगळूरला कसं आहे ना, बसमध्ये, मॉलमध्ये मोठमोठ्याने घरच्या भानगडी बोला, कुणाला काही कळत नाही, आणि एखादा मराठी माणूस भेटला की त्यालाच सगळं सांगून टाकावंसं वाटतं — उलटंच आहे खरं तर, पण होतं तसं. खारा बन घ्या अर्धा. मी तीन तास काही खाल्लेलं नाही.

नाही हो, कुणाची वाट नाही बघत. नाही, मुलगा नाही माझा आत. म्हणजे मुलगा आहे मला, सतरा वर्षांचा, पण तो घरी आहे — मीच होते पेपरला. मी. हे बघा हॉल तिकीट, हा फोटो माझाच, जरा चोरासारखा आलाय. ओपन स्कूलची बारावी, फिजिक्स. त्रेचाळीस वर्षं, हो. आत शिरताना वॉचमन मला म्हणाला, ‘अक्का, पेरेंट्स हॉरगे’ — पालकांनी बाहेर थांबा — आणि मी त्याला हे तिकीट दाखवलं तर त्याने उठून सलाम केला, आता तो मला केला का तिकिटाला, देव जाणे.

तुमची कुठली त्यातली? पिवळ्या कुर्त्यातली? संयोगिता? अहो, ती तर माझ्या पुढच्याच बाकावर होती. बॅडमिंटन खेळते ना, मला सांगितलं तिने, शाळेची हजेरी जमत नाही म्हणून ओपन स्कूल. गोड आहे मुलगी. तिचं बारा आलंय. भिंगाचं. चिन्हाची चूक, वजाच्या जागी अधिक, की साठाचे बारा होतात — अरे देवा, हे मी सांगायला नको होतं. तुम्ही बोलू नका हं तिला. पायऱ्यांचे मार्क मिळतात, फार तर एक जाईल. आणि तसंही तिचं बाकी सगळं बरोबर आहे, मी ताडून पाहिलंय, मी सगळ्यांशी सगळं ताडून पाहिलंय. पेपर सुटल्यावर घोळक्यात घुसले ते अर्धा तास बाहेरच आले नाही. ‘आंटी, सातवा काय केला, आंटी, तुमचं गॉसचं आलं का’ — अहो, मला कुणी गेल्या वीस वर्षांत काही आलं का म्हणून विचारलेलं नाही. भाजी आली का, गॅस आला का, एवढंच.

आणि तारेचं तर तुम्ही ऐकाच. दोन मार्कांचा प्रश्न — एक तार ओढून दुप्पट लांब केली, तर तिचा रेझिस्टन्स किती पट होईल? सगळे म्हणतात दुप्पट. तो उंच मुलगा दिसतो ना, निळा शर्ट, फत्तेसिंग, तो व्हाइटफील्डला ऑफिसची कॅब चालवतो, दोन फेऱ्यांच्या मधे गाडी सावलीत लावून पुस्तक वाचतो, आमच्यातला सगळ्यात हुशार तोच — तोही म्हणाला दुप्पट. आणि मी म्हटलं, चौपट. मग फत्तेसिंग अगदी अदबीने म्हणाला, ‘आंटीजी, लंबाई डबल, तो रेझिस्टन्स डबल.’ मला घाम फुटला. खरंच, परीक्षेत नाही फुटला तेवढा. पण मी म्हटलं, थांब, शेवया केल्यात का कुणी? आमच्याकडे सांगलीला आई पाटावर शेवया करायची, मी समोर बसून ओढायचे. ओढलं की शेवई लांब होते, पण नुसती लांब होत नाही ना — पीठ तेवढंच असतं, वरून कुणी घालत नाही, मग ती बारीकही होते. तारेचंही तेच. लांबी दुप्पट म्हणून एकदा दुप्पट, आणि विजेची वाट निम्मी झाली म्हणून आणखी एकदा दुप्पट. तुमच्या संयोगिताने ते बाकीच्यांना कन्नडमध्ये सांगितलं, ‘शाविगे’ म्हटल्याबरोबर सगळ्यांचे चेहरे असे उजळले — आणि फत्तेसिंगने कपाळावर हात मारून घेतला आणि मग त्या पोरांनी, मी खोटं नाही सांगत, टाळ्या वाजवल्या. रस्त्यावर. रिक्षावाला थांबून बघायला लागला. मला तेव्हापासून हे असं हसू येतंय, ते काही केल्या थांबत नाही.

कारण माहितीये का — हाच प्रश्न मला तेव्हाही होता. पंचवीस वर्षांपूर्वी. हाच. मी दुप्पट लिहिलं होतं. बाहेर आले तर जिन्यावर मैत्रिणी म्हणत होत्या, चौपट, चौपट, आणि मी तिथूनच सटकले, उत्तरं ताडून पाहायला थांबलेच नाही. निकाल लागला तेव्हा पस्तीस हवे होते आणि बत्तीस मिळाले. तीन मार्क. आता मला सांगा, तीन मार्क म्हणजे किती मोठी गोष्ट असते? ऑक्टोबरला परत बसता आलं असतं. वडील म्हणाले, फॉर्मला कशाला पैसे घालायचे, नाहीतरी लग्नच करायचंय. रागावले नाहीत हो, प्रेमानेच म्हणाले. म्हणूनच तर मला भांडता आलं नाही.

नाही, ह्यांना नाही माहीत. पेपरला बसलेय हे नाही माहीत आणि — ते जाऊ दे. नाही, सांगते, आता काय. माझ्या लग्नाच्या वेळी अजितमामाने माहिती लिहिली, त्यात ‘बी.एस्सी. दुसरं वर्ष पूर्ण, विषय फिजिक्स’ असं ठोकून दिलं. इंजिनियर मुलगा, बंगळूरला सरकारी संशोधन संस्थेत, स्थळ हातचं जाऊ नये म्हणून. मला कळलं ते साखरपुड्याच्या दिवशी. मी म्हटलं, नंतर सांगू सावकाश. एकवीस वर्षं झाली, ते सावकाश काही संपेना. आणि हे इतके सरळ, इतके सरळ की चारचौघांत कौतुक करतात. आमच्याकडे कुणी आलं की, ‘हिचं फिजिक्स पक्कं होतं, माझ्यामुळे शिक्षण सुटलं तिचं’ — ते स्वतःला दोष देतात हो. मी आत जाऊन चहा टाकते. दोन वर्षांपूर्वी आशयने, आमच्या मुलाने, वर्तुळाकार गतीतलं काहीतरी विचारलं, तर हे पेपर वाचता वाचता म्हणाले, ‘आईला विचार, ती फिजिक्सवाली.’ आणि तो पुस्तक घेऊन आला. माझ्याकडे बघत उभा राहिला. मी म्हटलं, दूध उतू जातंय, उद्या सांगते. दूध नव्हतंच गॅसवर.

ते पुस्तक मी दुसऱ्या दिवशी तो शाळेत गेल्यावर उघडलं. चिडून उघडलं, खरं तर. आणि मग काय झालं सांगू — मला आवडलं. कुणी परीक्षा घेत नव्हतं, कुणी बत्तीस-पस्तीस म्हणत नव्हतं, आणि समोर लिहिलं होतं की दोरीला दगड बांधून गरगर फिरवला आणि दोरी सुटली तर तो कुठे जातो. मी मोजा घेतला, त्यात बटाटा घातला आणि गच्चीत जाऊन फिरवून सोडला. शेजारच्या सोयराबाईंच्या पापडांवर पडला. सरळच गेला पण, पुस्तकात लिहिल्यासारखा. अहो, हे इतकं मजेचं होतं आणि आम्हाला कुणी सांगितलंच नाही. आमच्याकडून नुसतं पाठ करून घेतलं, वहीत समास किती सोडायचा ते शिकवलं, आणि नाही जमलं की, जा, लग्न कर. मला त्या दिवशी इतका राग आला आणि इतका आनंद झाला, दोन्ही एकदम, की मी फॉर्मच भरला. प्रॅक्टिकलच्या दिवशी घरी सांगितलं, पैठणीचं प्रदर्शन आहे. आज घरच्यांच्या हिशेबी चिकपेटेच्या बाजारात आहे मी, मैत्रिणीबरोबर, अमृताबरोबर, साड्यांना फॉल लावायला. एवढ्या फेऱ्या मारूनही एक साडी घरात आली नाही, तरी त्यांना शंका येत नाही. मी म्हटलं ना, सरळ आहेत.

पास? होणार हो. लेखीला ऐंशीपैकी सत्तावीस हवेत. माझे ताडून पाहिलेले, खात्रीचे, अडतीस झालेत, तारेचे दोन धरून. निकाल लागला की तो कागद त्यांच्यापुढे ठेवायचा आणि मग सगळं सांगायचं, असं ठरलंय माझं. हातात काहीतरी असलं की खोटं बोलल्याचं कमी वाटतं. म्हणजे त्यांना कमी वाटेल, असं मला वाटतं. मला काय वाटेल, ते नाही माहीत.

— काय हो, तुमच्या पिशवीचा बंद उसवलाय. पिन लावलीत ते बरं केलंत. आमच्याकडे अशा तीस पिशव्या पडल्यात घरात, गणपतीला मंडळासाठी ह्यांनी दोनशे शिवून घेतल्या आणि सगळ्यांचे बंद पहिल्याच दिवशी —

ही कुठली पिशवी?

मंडळाची म्हणताय? आपल्या मराठी मंडळाची?

तुम्ही कमिटीवर आहात? रविवारी मीटिंग आहे तुमची, हो, माहीत आहे मला. आमच्याच घरी आहे. पोह्यांना मीच आहे. पद्माकर. हो, तेच. मी त्यांची बायको, शुभदा.

…

नाही, काही बोलू नका. म्हणजे मी म्हणणार होते की त्यांना काही बोलू नका, आणि तुम्ही बोलला नसता, दिसतंच तुमच्याकडे बघून. पण मग रविवारी मी तुम्हाला पोहे देणार आणि हे म्हणणार, ‘हिचं फिजिक्स पक्कं होतं,’ आणि तुम्ही बशीत बघणार. आणि मी चहा टाकायला आत. आणखी एक माणूस त्या खोट्यात बसवायचा. छे. निकालाला अजून दीड महिना आहे. आणि मी आत्ताच भर रस्त्यात सगळ्यांविरुद्ध चौपट म्हणाले, तेव्हा कुठे हातात कागद होता माझ्या?

एक मिनिट हं. लावते. एवढा बन धरा जरा —

हॅलो, अहो, मी. नाही, चिकपेटेत नाहीये. अमृता नाहीये बरोबर, कुणीच नाही. शाळेत आहे, सर्जापूर रोडला. पेपरला आले होते. आशयचा नाही, माझा. बारावीचा. फिजिक्सचा. — ऐकू येतंय ना तुम्हाला? — अहो, कारण मी पास नव्हते झाले. कधीच. बी.एस्सी. वगैरे काही नव्हतं, अजितमामाने लिहिलं आणि मी गप्प बसले. एकवीस वर्षं गप्प बसले. — हो. — हो, ऐकतेय. — नाही, रडत नाहीये, खरंच नाही, हसतेय, दुपारपासून तेच चाललंय. तुम्ही बोला ना काहीतरी. बरं, नका बोलू, आधी मला एक सांगा, मग काय चिडायचं ते चिडा. एक तार ओढून दुप्पट लांब केली, तर रेझिस्टन्स किती पट होतो?

…

काय? परत सांगा.

नाही हो. दुप्पट नाही. इंजिनियर ना तुम्ही? थांबा, ठेवू नका, मी समजावते. शेवया आठवतात का आमच्या आईच्या — अहो, ऐका तर —

संयोगिताचे बाबा, तुम्ही निघा आता. आम्हाला वेळ लागणार आहे.