हे मात्र लिहू नका

—नाही नाही, त्या खुर्चीवर नको, तिचा पाय डुगडुगतो, इकडे बसा, खिडकीपाशी. पडदा? हो, तो तसाच असतो दिवसभर—उजेड सहन होत नाही ह्यांना. भर दुपारी घरात तिन्हीसांजा करून ठेवल्यात. पण तुम्हाला लिहायला दिसायला हवं ना, थांबा, जरासा सरकवते. हं. तर काय म्हणत होते मी—तुम्ही फोनवर म्हणालात ना, अपघातानंतर काय काय बदललंय ते रोजच्या रोज टिपून ठेवा म्हणून—अहो, कुठे टिपू? ह्यांच्या हातात माझं वाणसामानाचं चिठोरं पडलं तरी ‘कुणाला लिहून देतेयस माझ्याबद्दल?’ म्हणून विचारतात. म्हणून म्हटलं, तुम्हीच या. मी बोलते, तुम्ही लिहा. फक्त मी ‘हे नको’ म्हटलं की ते लिहायचं नाही. चालेल? गप्प बसलात म्हणजे चालेल असं धरते.

तुम्हाला तो दिवस आठवतो का? नसणारच आठवत, तुमच्यासमोर केवढी रांग होती, कुणाचा हात लोंबतोय, कुणाच्या कपाळातून रक्त—त्यात आमचे हे चांगले हसतबोलत आत आलेले. आमची गाडी सिग्नलला उभी होती. उभी हं, लिहा ते. हे गाडी चालवतात कसे, पिवळा दिवा दिसला की थांबणार, मागचा हॉर्न वाजवून वाजवून मेला तरी. तर मागून एक मोठी गाडी आली आणि धाडकन—म्हणजे फार काही नाही हो, डिकी चेपली, मागचा दिवा फुटला. रक्ताचा थेंब नाही. माझी पर्स खाली पडली, ती मी वाकून शोधत होते, म्हणून ह्यांचं डोकं कुठे आपटलं, आपटलं की नुसतंच हिसकलं, ते मी पाहिलंच नाही. वर आले आणि हाक मारली—अहो! हात स्टिअरिंगवर, डोळे टक्क उघडे. पुन्हा हाक मारली. बोलेचनात. तो मागचा माणूस गाडीतून उतरला, चालत आला, काचेवर टकटक केलं, माफी मागितली, मला पाणी हवंय का विचारलं—इतकं सगळं होईपर्यंत हे समोर बघत बसलेले. आणि मग एकदम म्हणाले, ‘चला, हिरवा झाला.’

तुम्ही त्यांना विचारलंत, बेशुद्ध पडला होतात का? आता मला सांगा, डुलकी लागलेल्या माणसाला विचारलं, ‘झोपला होतास का रे?’ तर तो काय सांगणार? म्हणाले, ‘छे!’ मी तोंड उघडलं—म्हणजे मला सांगायचं होतं की दवाखान्यात येईपर्यंत ह्यांनी ‘कोणती गाडी धडकली गं?’ हे मला परत परत विचारलं, मी सांगायची आणि पुढच्या वळणावर पुन्हा तेच—तर हे म्हणाले, ‘डॉक्टर, हिच्याकडे लक्ष देऊ नका, हिला राईचा पर्वत करायची सवय आहे.’ तुम्ही हसलात. मीही हसले. डोक्याचा फोटो काढला तो स्वच्छ आला. मग तुम्ही लिहिलंत, शुद्धीवर आहेत, चालतात, बोलतात, उलटी नाही, घरी सोडलं. नाही नाही, तुम्हाला बोल लावत नाही मी. रक्त नाही, टाका नाही, फोटो स्वच्छ—तुम्ही तरी काय करणार होतात? पण त्यानंतर मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले, आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले, नणंदेला सांगून पाहिलं—सगळे तोच कागद माझ्यासमोर धरतात. इथे तर लिहिलंय ना वहिनी, काही झालेलं नाही! नणंद म्हणाली, ‘दादाचं वय झालंय, तुलाच ते सोसवत नाही.’ वय झालंय म्हणे. आदल्या दिवशी वय झालं नव्हतं, सिग्नलला झालं?

हे कसे होते, ते लिहा आधी. नाहीतर बदल कळणार कसा? आमच्या गल्लीत ह्यांना ‘काटा’ म्हणतात. तराजूचा असतो ना, तो काटा. औषधांचं दुकान लग्नाच्या आधीपासूनचं, पण कधी एक गोळी इकडची तिकडे नाही. डॉक्टरांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तरी हे वाचणार, आणि शंका आली तर गिऱ्हाइकाला बसवून ठेवून त्या डॉक्टरला फोन लावणार—भले तो डॉक्टर जेवत असो. मोठमोठे डॉक्टर ओरडलेत ह्यांच्यावर. हे शांत. ‘ओरडा साहेब, पण पाच की पन्नास तेवढं सांगा.’ आवाज चढला नाही कधी. लेक दहावीला गणितात आपटली तेव्हासुद्धा नाही.

आणि आता? आता शब्द सापडत नाहीत. ‘ते दे गं, ते हे—ज्यानं कापतात ते.’ कात्री हो! हातात कात्री ठेवली की तिच्याकडे बघत राहतात, आणि मग माझ्यावर खेकसतात, की मी काय मागितलं होतं? वास येईनासा झालाय. लिहा, वास. परवा दुकानात फिनेलची बाटली फुटली, गिऱ्हाइकं नाकाला पदर लावून, रुमाल लावून बाहेर पळाली, आणि हे आपले काउंटरवर बसून विचारतायत, ‘काय झालं सगळ्यांना?’ रात्री झोप नाही, दिवसा बसल्या बसल्या मान पडते. कुणी भांडं जोरात ठेवलं तर दोन्ही हातांनी डोकं धरतात. आणि उजेड—घरातला पडदा एक वेळ समजू शकते, पण दुकानातल्या दोन ट्यूब काढून टाकल्या स्टुलावर चढून. एक ठेवलीये, तीही कोपऱ्यातली. वर काळा चष्मा. आणि त्या पाकिटांवरची अक्षरं केवढीशी असतात तुम्हाला माहीत आहे, मुंगी बरी.

का बघताय? काही नाही, बाही—मला लांब बाह्यांचीच सवय आहे. नाही, उकडत नाही. अहो, दारात सापडला हात. दारात... बरं, हे मात्र लिहू नका. दुकानात त्यांनी काढलेलं एक पाकीट मी उचलून बघितलं त्यांच्यासमोर, गिऱ्हाइकासमोर, चूक माझीच, आणि त्यांनी मनगट धरलं. मारलं नाही, धरलं. पण सोडेचनात. मी म्हटलं, अहो लोक बघतायत, तरी सोडेनात, आणि डोळे असे—मला त्या डोळ्यांत माझी ओळखच दिसेना. नंतर संध्याकाळी मोरीत नळ सोडून रडत होते. मी बाहेरून ऐकलं. विचारलं तर म्हणाले, ‘कोण रडतंय? मी तोंड धुतोय.’ हे लिहायचं असेल तर रडण्याचं लिहा. मनगटाचं नको.

म्हणून मग मी दुकानात उभी राहायला लागले. सकाळी शटर उघडल्यापासून. मला यातलं ओ की ठो कळत नाही, मी आपली शिवणकामातली—पण चिठ्ठीवरचं नाव आणि पाकिटावरचं नाव ही दोन जुळतात का, एवढं तर बघता येतं? युक्ती केली. म्हटलं, तुम्ही काढून द्या, पिशवीत मी भरते, तुमची कंबर दुखते ना. आणि भरता भरता बघते. लोक चेष्टा करतात. ‘काय वहिनी, काट्यावर पहारा का?’ मी हसते. हसता हसता वाचते. पहिल्या दिवशी दोन चुका सापडल्या. दुसऱ्या दिवशी एक. मला वाटलं, कमी होतायत, बरं वाटतंय ह्यांना. कसलं काय! मीच दमले होते, माझ्या नजरेतून सुटत होत्या.

आणि हे दुकान बंद ठेवायचं म्हणत नाहीत, ते का? तर तुमच्या कागदामुळे! जन्मभर ह्या माणसानं एकच केलं, डॉक्टरनं लिहिलं तर द्यायचं, नाही लिहिलं तर नाही. तुम्ही लिहिलंत ठीक आहे, म्हणजे ठीक आहे. बायको काय सांगते, लेक फोनवर काय रडते, ते कागदावर कुठे आहे? आता तुम्ही नवीन कागद दिलात, तुमच्या सहीचा, की डोक्याला आतून मार बसलाय, फोटोत दिसत नसला तरी बसलाय, आराम करा, दुकान बंद ठेवा, गाडी चालवू नका—तर ऐकतील. माझं नाही ऐकणार, तुमच्या सहीचं ऐकतील. एवढ्यासाठी बोलावलंय मी तुम्हाला.

कुणाला चुकीचं औषध गेलं का? नाही हो. म्हणजे जाता जाता राहिलं. आमच्या मागच्या गल्लीत शिंपी आहे, त्याची म्हातारी आई, तिला रक्तातली साखर उतरवायच्या गोळ्या असतात. नाव तेच, पण कमी ताकदीच्या आणि जास्त ताकदीच्या, पाकीट सारखंच, कडेची रेघ तेवढी निराळी. ह्यांनी त्या अर्ध्या उजेडात जास्तीच्या काढल्या. मला घरी आल्यावर डोक्यात आलं, की अरे, रेघ निळी होती. तशीच धावत गेले आणि बदलून आणल्या. झालं. आजी आपल्या पलंगावर पडून होत्या, हातात सुई टोचलेली जागा काळीनिळी, मला म्हणतात, ‘ये गं, दवाखान्यातून आजच सोडलं बघ’—

हो. आजच सोडलं होतं.

नाही, त्याच दिवशी नाही गेले मी. दोन दिवसांनी कानावर आलं की आजी पहाटे मोरीत पडल्या, घाम घाम झाला, हाक मारली तर ओ देईनात. सगळे म्हणाले, उपाशी राहिली असेल म्हातारी, वय झालंय. तेव्हा मला ती रेघ आठवली. मी फळं घेऊन गेले. उशाशी पाकीट होतं. आजी पाणी प्यायला वळल्या तेवढ्यात मी ते पदराखाली घातलं आणि दुसरं ठेवलं, दिवस मोजून बरोबर तेवढ्याच गोळ्या काढून टाकलेलं. आता बऱ्या आहेत त्या! उठून बसतात, चहा घेतात, मला आशीर्वाद दिला त्यांनी, डोक्यावर हात ठेवून. त्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना काही कळलं नाही. कळायला काय होतं, त्यांनी पाकीट मागवलं असतं तर—पण ते मागवलं नाही कुणी. अहो, तुम्ही काय लिहिताय? मी म्हटलं होतं ना? हे नको. खोडा ते. परवाना जाईल ह्यांचा, लोक दगड मारतील दुकानावर, ह्या माणसानं चाळीस वर्षं... डॉक्टर, मी तुम्हाला ह्यांच्या आजाराचं सांगायला बोलावलं, चोरी सांगायला नाही. खोडा म्हटलं ना!

बरं, राहू दे. बोलले नाही म्हणून ते झालं नाही असं थोडंच आहे? चहाचं आधण ठेवते. कोरा चालेल ना? दूध... बोला ना. काय विचारायचं ते विचारा.

आत्ता?

आत्ता दुकानात—म्हणजे दुपारी गिऱ्हाईक नसतं हो. चिटपाखरू नसतं. म्हणून तर तुम्हाला दुपारची वेळ दिली. मी त्यांना सांगितलं, माझं डोकं चढलंय, घरी जाऊन पडते जरा, तासाभरात येते. तुम्हाला यायला उशीर झाला, तुमचाही नाइलाज, पेशंट असतात—आणि मी बोलत बसले. किती वेळ झाला? एवढा? नाही, कुणी नाही त्यांच्याबरोबर. एकटेच आहेत. कुणाला बसवणार? बसवायचं म्हणजे कारण सांगावं लागतं. अगंबाई, शेजारचा मुलांचा दवाखाना उघडला असेल. त्यांची सगळी गर्दी आमच्याकडेच येते, तान्ही तान्ही पोरं असतात, अमुक थेंब, तमुक थेंब, वजनावर सगळं—थांबा, कुठे निघालात दारापर्यंत, फोन लावते. थांबा.

हॅलो. अहो, मी बोलतेय. हो, बरं आहे डोकं. गर्दी आहे का? आवाज येतोय मागे... पोर रडतंय का कुणाचं? बरं. बरं, ऐका, चिडू नका, मघापासून कुणाकुणाला काय दिलंत? नाही हो, सहज विचारतेय. सहजच. काय? परत बोला. अहो, मी घरी आहे! मी कधीची घरी आहे! हॅलो—

ठेवला.

म्हणतायत, ‘मला काय विचारतेस? सगळ्यांच्या पिशव्या तूच तर तपासून दिल्यास.’

सरका, डॉक्टर. दारातून सरका आधी.