हरलेली बाजू शेवटी

माईक राहू दे, फिलिप. एवढ्याशा हॉलमध्ये ऐकू जाईल.

मी शेवटी बोलायचं मागून घेतलं, ते मुद्दाम. आजच्या शोकसभेत तुम्ही सगळे लोपीस सरांविषयी इतकं चांगलं बोललात. त्यानंतर उभं राहणं अवघड आहे.

सरांच्या राज्यशास्त्राच्या वर्गात आपण खटले वाचायचो. पुस्तकात खटल्यावर दोन ओळी असत. सर वसईच्या एका वकिलाकडून आख्खा निकाल आणत, हाताने उतरवून घेत. मग वर्गाच्या दोन बाजू. आणि नियम एकच. हरलेली बाजू शेवटी बोलणार, आणि तिला कोणी मध्ये तोडायचं नाही. सर मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर पालथं ठेवत.

पासपोर्ट जप्त झालेल्या बाईंचा खटला आठवतो? सरकार म्हणालं, कारण सांगणार नाही. मी सरकारच्या बाजूने भांडले होते. सर म्हणाले, "बाय, उद्या तुलाच कोणी न विचारता बाहेर काढलं तर?"

सगळे हसले. मीही हसले.

बारावीच्या सराव परीक्षेचा फुटलेला पेपर माझ्या वहीत सापडला. मी तो ठेवला नव्हता. चौकशीला तीन शिक्षक बसले, त्यांत सर. मी ऑफिसबाहेरच्या बाकावर दुपारभर होते. वाटलं, आत सर आहेत, बोलावतील. बोलावलं नाही. कागद बाहेर आला. तीन सह्या. तिसरी सरांची. मला कॉलेजातून काढलं.

मी नंदाखालला त्यांच्या घरी गेले. ते केळींना पाणी लावत होते. विचारलं, सर, माझी बाजू?

"सही झाली, बाय."

एवढंच. पाणी पुढच्या आळ्यात वळवलं.

बाकी दोघांवर मी कधी रागावले नाही. त्यांनी मला काही शिकवलं नव्हतं. सरांनी शिकवलं होतं. तुम्हाला कळतंय ना, मी काय म्हणते?

आज माझी बाजू सांगून झाली. सर उत्तर देऊ शकत नाहीत. म्हणजे आता हरलेली बाजू त्यांची, शेवटची पाळीही त्यांचीच. आपण उभे राहू या. दोन मिनिटं म्हणत नाही. घड्याळ कोणी पाहू नका. मध्ये कोणी बोलू नका.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांच्या पत्नीने निरोप पाठवून मला बोलावून घेतलं. ओट्यावर खुर्ची दिली. "पहिल्यापासून सांग," म्हणाल्या. मी सांगितलं. त्या मध्ये एकदाही बोलल्या नाहीत.